दलाली परत मागू नका, आधीच वजा करा

*नाना, नमस्कार. मी भुसावळला रेल्वेत नोकरीला आहे, बायको खासगी शाळेत शिकवते. मुलीच्या कॉलेजसाठी जळगावात घर घ्यायचं ठरवलंय. पिंप्राळ्याकडे आठ वर्षं जुनं रो-हाऊस पसंत पडलं. ओढाताण करून सौदा ३० लाखांवर आणला, बँक २४ लाख द्यायला तयार आहे. एजंट माझ्या बहिणीच्या सासरकडचा. दलाली दोन टक्के सांगतो, म्हणजे ६० हजार. पण म्हणतो, ‘पाव्हणे, तुम्ही घरचेच. व्यवहार झाला की निम्मे परत देतो.’ आता त्या ३० हजारांवरून घरात रोज खल चालू आहे. आई म्हणते सोनं घे. बायकोला ओट्याखाली ट्रॉल्या हव्यात. मुलगी म्हणते एसी. माझे साडू अमेरिकेत टेक्सासला असतात. त्यांनाही घर घेताना एजंटानं कमिशनमधले पैसे परत दिले होते. ते म्हणतात, सरळ कर्जात भर. वास्तू आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, करायची आहे. काय करावं?*
*– भुसावळचा एक वाचक*

भाऊ, नमस्कार.

तुमच्या घरात चार जणांची चार मतं आहेत आणि चारही जण जे पैसे अजून कोणाच्याच हातात नाहीत ते खर्चायला बसले आहेत. मी पत्र वाचताना त्यांच्या आधीच एका वाक्याला अडलो. ‘व्यवहार झाला की निम्मे परत देतो.’ दलालीतल्या सुटीचं काय करायचं हे सांगतोच, पण ती सूट खरी करून घेण्याचं काम आधी आहे.

मी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात सत्तावीस वर्षं काढली. लोकांच्या खरेदीखतांवर बोट ठेवून चुका दाखवणारा माणूस. आणि स्वतःचं घर घेताना काय केलं? धुळ्याला देवपुरात घर घेतलं तेव्हा दलाली दहा हजार ठरली. एजंट ओळखीतला. तोही हेच म्हणाला होता, साहेब, निम्मे तुमचे. मी दहा हजार मोजले. मग ‘पुढच्या महिन्यात’ झालं, मग ‘कापूस विकला की’ झालं, मग तो लग्नकार्यात भेटला की लांबूनच हात जोडायला लागला. वास्तूला मात्र आला होता, भिंतीवरचं घड्याळ घेऊन. ते घड्याळ अजून चालतं. पाच हजार रुपयांचं घड्याळ आहे ते, असं आमच्या घरी आजही म्हणतात.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या व्यवहारात दलाली देणारे तुम्ही आहात. मग ६० हजार देऊन ३० हजार परत घ्यायची प्रदक्षिणा कशाला? ३० हजारच द्या. खरंच निम्मी सोडायची असेल तर त्याला काही फरक पडत नाही, आणि पडत असेल तर त्याचं उत्तर तुम्हाला आत्ताच मिळालं.

यात नुसत्या विश्वासाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ६० हजारांचं बिल फाडलं तर कर १०,८०० रुपये, ३० हजारांचं फाडलं तर ५,४००. त्यानं आधी पूर्ण बिल फाडलं आणि नंतर खिशातून ३० हजार काढून दिले, तर ते वरचे ५,४०० गेले. ना त्याला मिळाले, ना तुम्हाला. त्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्यानं नोंदणी घेतलेली नसेल, तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. तेव्हा विचारून घ्या, नंबर आहे का? आहे तर बिल सूट वजा करून, निव्वळ रकमेचं. ‘रोख द्या, पावती नको, जीएसटी वाचेल’ असं म्हणाला तर नको म्हणा. दलालीची पावती पुढे हे घर विकायची वेळ आली तर उपयोगाची असते. नफा मोजताना सीए ती खरेदीच्या खर्चात धरायला मागतो आणि लोक तेव्हा कपाटं उचकतात.

आता नात्याचं. हीच खरी अडचण आहे हे मला कळतं. बहिणीच्या सासरचा माणूस, त्याच्याकडून लिहून कसं मागायचं? पण भाऊ, आपल्याकडे सालदाराचा, म्हणजे शेतावर वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचा, हिशेब आखाजीला होतो. सालदार घरातलाच असतो, त्याच्या मांडीवर पोरं मोठी होतात, तरी वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे किती हे चार माणसांसमोर ठरतं. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. केळीची पट्टी (विक्रीची हिशेबपावती) हातात येईपर्यंत रावेर-यावलचा शेतकरी भाव धरत नाही, तोंडी भाव एक आणि पट्टीत कटती होऊन दुसरा, हे त्याला पाठ असतं. मग ३० लाखांच्या घरातच ही भीड कुठून येते?

स्टॅम्पपेपर वगैरे आणू नका. मोबाइलवर एक निरोप टाका, साधा: ‘पाव्हणे, काल ठरल्याप्रमाणे आपली दलाली एकूण ३० हजार, सगळी खरेदीखत नोंदवल्याच्या दिवशी, बँकेतून. बरोबर ना?’ त्यानं ‘हो’ लिहिलं की झालं. यात दोन गोष्टी येतात, रक्कम आणि वेळ. इसार दिला की निम्मी दलाली द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती शक्यतो टाळा. इसारानंतर सौदा फिसकटला तर इसार परत मिळवायलाच घाम फुटतो, त्यात दलालीच्या मागे कुठे लागता. आणि इसाराची गोष्ट निघालीच आहे तर, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्याला आयकर कायद्यानं मनाई आहे, दंड घेतलेल्या रकमेइतकाच. घरमालक रोख मागत असेल तर त्याच्याच भल्यासाठी चेक द्या.

निरोप आजच टाका. मुहूर्ताची तारीख एजंटाला माहीत आहे, आणि मुहूर्त जवळ आला की घेणाऱ्याचा आवाज खाली येतो हेही त्याला माहीत आहे.

तुमच्या साडूंचं ऐकून तुम्ही हे ‘परत’ प्रकरण डोक्यात घेतलं असेल, म्हणून तिकडचं थोडं. अमेरिकेत वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की घर विकणाऱ्यानं साधारण पाच-सहा टक्के कमिशन द्यायचं आणि ते विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन एजंट वाटून घ्यायचे. घेणारा आपल्या एजंटाला स्वतःच्या हातानं काही देत नव्हता, त्यामुळे सूट मिळायची ती परतीच्या रूपातच. तिथे त्याला रिबेट म्हणतात. टेक्सासात ते चालतं, पण अलास्का, ओरेगॉनसारख्या काही राज्यांत त्याला मनाई आहे. ऑगस्ट २०२४ पासून तिथे नियमही बदलले, आता घर दाखवायच्या आधीच घेणारा आणि त्याचा एजंट यांच्यात लेखी करार होतो आणि मोबदला त्यात आकड्यानं लिहावा लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, कर्ज काढून घर घेत असाल तर ते रिबेट व्यवहाराच्या शेवटच्या हिशेबपत्रकावर दिसावं लागतं, कर्ज देणाऱ्या बँकेला ठाऊक असावं लागतं. तिथला आयकर विभाग त्याला उत्पन्न न मानता घराच्या किमतीतली घट मानतो. म्हणजे साडूंना जे मिळालं ते कागदावर होतं. तुमचं सध्या बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

बरं, धरून चालू की ३० हजार वाचले. आता कुठे लावायचे?

तुमच्या खिशावरचा भार आधी मांडून बघा, कारण पत्रात तुम्ही फक्त २४ लाखांचं कर्ज लिहिलंय, बाकीचं लिहिलेलंच नाही. ३० लाखांतले ६ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क. जळगाव महापालिकेच्या हद्दीत ते सगळं मिळून ६ टक्के धरा, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार, आणि तुमची बरोबर ३० हजारच होते. झाले ८ लाख १० हजार, दलाली, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, टेम्पो, रंग हे सोडून. शिवाय मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरानं निघणाऱ्या किमतीवर, यातलं जे जास्त त्यावर लागतं. त्या भागाचा रेकनर दर आधी काढा, एखाद्या वेळी तो तुमच्या ३० लाखांच्या वर निघतो आणि ऐन नोंदणीच्या आठवड्यात धावाधाव होते.

या सगळ्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांना बँक हात लावत नाही. घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं हे मोजताना हे खर्च धरायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, अपवाद फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांचा. म्हणजे हे २ लाख १० हजार पूर्णपणे तुमच्या गाठीचे. माझ्या टेबलासमोर किती माणसं कर्ज मंजूर झाल्याच्या आनंदात बसायची आणि हा आकडा ऐकून गप्प व्हायची. मग कोणी पतसंस्थेतून चौदा टक्क्यांनी उचलायचं, कोणी बायकोची पोत गहाण टाकायचं. दलालीत सुटलेले ३० हजार हे सगळ्यात आधी इथे, या खड्ड्यात पडू द्या. तुमच्या आईंना वाईट वाटेल, पण नव्या सोन्याआधी घरातलं सोनं गहाण न पडणं महत्त्वाचं. सराफ बाजारात आजच्या भावानं ३० हजारांत दोन-तीन ग्रॅमांच्या पलीकडे काही येत नाही, वरून घडणावळ आणि जीएसटी. जळगावच्या माणसाला सोन्याविरुद्ध सांगणं म्हणजे पंढरपुरात बसून विठ्ठलाविरुद्ध सांगणं, तरी सांगतो.

इथेच एक सवलत आहे, तुमच्या दलालीच्या सुटीइतकीच मोठी, आणि ती कोणाकडे मागावी लागत नाही. महाराष्ट्रात राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, एप्रिल २०२१ पासून. ३० लाखांवर बरोबर ३० हजार. सुरुवातीला त्यात अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, ती अट २०२३ मध्ये काढली. पण खरेदीखतावर तुमचं नाव घातलं की सूट गेली. नवरा-बायको मिळून घेतलं तर ती मिळत नाही. तुमच्या बायकोच्या एकटीच्या नावावर हवं.

तोट्याची बाजूही बघा. घराच्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ती घेणारा घराचा मालक किंवा सहमालक असावा लागतो. घर बायकोच्या नावावर आणि हप्ते तुमच्या पगारातून असतील, तर ती वजावट तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, मग गमावण्यासारखं काहीच उरत नाही. ऑफिसात विचारा, फॉर्म सोळा काढून बघा कुठल्या पद्धतीत आहात. जुन्या पद्धतीत असाल तर एक लक्षात ठेवा: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दीड लाखांपर्यंतच्या वजावटीत बसते, दलाली बसत नाही. (बायकोच्या नावावर घर म्हटल्यावर आपल्याकडे काही पुरुषांच्या कपाळावर आठी येते. तुमच्या नाही आली असं समजतो.)

आता साडूंचा मुद्दा, कर्जात भरण्याचा. तो चुकीचा नाही, फक्त उशिराचा आहे. हिशेब करून दाखवतो. २४ लाख, वीस वर्षं, समजा साडेआठ टक्के, तर हप्ता सुमारे २०,८२८ रुपये. अगदी सुरुवातीला ३० हजार मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे साडेसात हप्ते पडतात. म्हणजे आजच्या ३० हजारांनी शेवटचे दीड लाखाहून जास्त वाचतात. ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच. फिरत्या व्याजाच्या घरकर्जात व्यक्तीकडून मुदतीआधी भरण्याचा दंड बँकेला घेता येत नाही, त्यामुळे अडकाठीही नाही. पण ते एक-दोन वर्षांनी, हात मोकळा झाल्यावर करा. आत्ता ३० हजार कर्जात घालून मुद्रांकासाठी तेवढेच महागड्या व्याजानं उचललेत, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. भराल तेव्हा बँकेला लेखी सांगा की हप्ता कमी नको, मुदत कमी करा. न सांगता काही वेळा उलटं होतं आणि फायदा निम्म्यावर येतो.

काही लोक विचारतात, दलालीत सूट घेण्यापेक्षा घराची किंमतच ३० हजारांनी उतरवली तर? कागदावर ते सारखंच दिसतं, खिशात सारखं नसतं. किंमत ३० हजारांनी उतरली की बँकेचं कर्जही त्या ३० हजारांच्या ८० टक्के, म्हणजे २४ हजारांनी उतरतं. तुमच्या हातात आज वाचतात ६ हजार, आणि मुद्रांक व नोंदणीचे दोन हजारांच्या आसपास. दलाली ३० हजारांनी कमी झाली तर ३० हजार रोकडे वाचतात. ज्याची गाठ तुटकी आहे त्यानं दलालीत घासाघीस करावी, ज्याची गाठ भरलेली आहे त्यानं किमतीत. तुम्ही पहिल्या गटात आहात असं पत्रावरून वाटतं. घरमालक स्वतःहून खाली येत असेल तर अर्थात नाही म्हणू नका.

पण शुल्कात घालायच्याही आधी, त्या ३० हजारांतले काही हजार एका माणसासाठी काढून ठेवा: तुमचा स्वतःचा वकील. एजंटानं आणलेला नको, बँकेचा आहे म्हणून स्वस्थही बसू नका. बँकेचा वकील बँकेचे २४ लाख सुरक्षित आहेत का एवढं बघतो, तुमचे ६ लाख बघणं त्याचं काम नाही. मी त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो. तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), जमीन अकृषिक केल्याचा आदेश, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि त्यावरचे फेरफार, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी, आणि वर्तमानपत्रात एक जाहीर नोटीस. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, तुम्ही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या स्वतःही शोधू शकता, पण शोधणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं.

आणि रो-हाऊस आहे म्हणून एक खास: मंजूर नकाशा हातात घेऊन घराभोवती चक्कर मारा. आठ वर्षांत मागच्या सामासिक अंतरात (नियमानं मोकळ्या सोडायच्या जागेत) न्हाणी, पुढे पोर्चवर पत्रा, गच्चीवर एक खोली, असं काहीबाही वाढलेलं असतं. विकणारा ते सगळं धरून भाव सांगतो. बँक आणि महापालिका ते धरत नाहीत, आणि महापालिकेची नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या नावानं येते. मी एकदा एका कर्जदाराचं घर तपासायला गेलो तर ज्या खोलीत बसून चहा प्यायलो ती खोली नकाशात नव्हतीच. चहा चांगला होता, कर्ज झालं नाही.

एसी आणि ट्रॉल्या राहिल्या. ट्रॉल्यांबद्दल बायकोशी भांडू नका, फक्त एवढं म्हणा की आधी त्या ओट्याशी चार-सहा महिने स्वयंपाक करून बघ. कुठे काय ठेवायचं हे तेव्हा कळतं. आधी केलेल्या ट्रॉल्यांत भाकरीचं पीठ मळायची परात मावत नाही आणि ती मग वर्षभर फ्रिजच्या डोक्यावर असते.

एसीचं मात्र गंभीरपणे घेतो. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार, पारा ४५ च्या पुढं जातो आणि रात्री स्लॅब आग ओकतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांवर हातभर पांढरी माती असायची, ती फुकट नव्हती. रो-हाऊसच्या वरच्या मजल्याला तेवढं पांघरूण नसतं. एसी आधी घेतला तर तो तापलेला स्लॅब थंड करत बसतो आणि बिल तुम्ही भरता. त्याऐवजी गच्चीवर उन्हं परतवणारा पांढरा लेप द्या, गळती असेल तर त्याच वेळी वॉटरप्रूफिंग करा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताडपत्री किंवा बांबूची चिक लावा. मग एसी. पुढच्या वर्षी हात मोकळा झाला तर गच्ची तुमचीच आहे, सौर पॅनेलचा विचार करा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे. ते संच बसल्यावर खात्यात येतं, आधी पैसे तुम्हाला लावावे लागतात. त्यासाठी वीजबिल तुमच्या घरच्यांच्या नावावर असायला हवं, म्हणून खरेदीखत झालं की महावितरणमध्ये नाव बदलायला लगेच द्या. महापालिकेच्या घरपट्टीवरही नाव चढवा. ही दोन कामं एजंटानं करून द्यायची, हे त्याच्या ३० हजारांतच धरून टाका. खरंच करून दिली तर त्याचे तेवढे पैसे जायज आहेत, मग आणखी कापू नका. दिवसभर उन्हात मोटारसायकलवर घरं दाखवणारी माणसं आहेत ती.

तुमचा सौदा जुन्या घराचा आहे. पण हे सदर वाचणारे काही जण बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणारे असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथे दलाली बिल्डर देतो आणि एजंट म्हणतो, ‘तुमच्याकडून काही नको, उलट माझ्यातले अर्धा-एक टक्का तुम्हाला देतो.’ प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असेल तर तो विकणारा एजंटही नोंदलेला असावा लागतो, नंबर मागा आणि संकेतस्थळावर तपासा. एजंट नोंदणी नसेल तर त्याला दिवसाला १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे, तेव्हा नंबर विचारलेला आवडत नाही तो माणूस टाळा. सूट मिळते म्हणून नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती घेताच येत नाही. आणि एक प्रकार ओळखून राहा: किंमत मुद्दाम २ लाखांनी वाढवून करार करायचा, वाढीव किमतीवर कर्ज काढायचं आणि ते २ लाख ‘कॅशबॅक’ म्हणून ग्राहकाला द्यायचे. त्याला सूट म्हणत नाहीत. ते तुमचंच कर्ज आहे, वीस वर्षांच्या व्याजासकट, आणि बँकेपासून लपवलेलं. आमच्याकडे अशा दोन फायली सापडल्या होत्या, दोन्हीत सही ग्राहकाची होती आणि निस्तरायलाही तोच उरला. खरी सूट असेल तर ती कागदावर ‘दलालीतील सूट’ म्हणून लिहून घ्या. ‘भेट’ असं लिहू नका, नात्याबाहेरच्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांवर भेट गेली की आयकराचा प्रश्न येतो.

परत तुमच्याकडे येतो. सूट आहे म्हणून घर घेऊ नका, हे मी सांगायला नको, पण मुलीचं कॉलेज, आखाजी आणि बहिणीचं सासर अशा तीन दोऱ्या तुम्हाला एकाच दिशेला ओढताहेत. ३० हजार म्हणजे ३० लाखांतला एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला नसेल किंवा वाढीव बांधकाम निघालं, तर त्या एका टक्क्यासाठी उरलेल्या नव्याण्णवांवर पाणी सोडू नका. दुसरं घर बघा. तिथेही एजंट असेल आणि तिथेही निम्मे म्हणता येईल.

दाखले नीट निघाले तर निरोप टाका, ‘हो’ येऊ द्या, मग इसार. खरेदीखताच्या दिवशी दलाली बँकेतून द्या आणि पावती त्याच फायलीत लावा. मुहूर्त हुकला तरी घर हलत नाही. गाठला तर मात्र मला कळवा. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस असेल तर मी धुळ्याहून सकाळच्या एसटीनं येतो, घड्याळ न आणता.

– तुमचे, नाना